पुस्तक क्रमांक सात

पुस्तक क्रमांक सातला कोणी पुस्तक म्हणून उघडत नाही. त्यात शंभर पावत्या आहेत, डाव्या अंगाला शंभर स्थळप्रती आहेत, मधून टोचे मारलेली रेघ, दोन पिना आणि पिना झाकायला पाठीवर हिरव्या कापडाची पट्टी. पुण्यात अप्पा बळवंत चौकात क्रमिक पुस्तकं आणि गाईडं ढिगांनी विकली जातात; त्या चौकामागच्या बोळातल्या छापखान्यात आषाढातल्या एखाद्या ओल्या दुपारी हे जन्माला येतं. सहा थोरली भावंडं असतात, तीन धाकटी. पहिलं पुस्तक गणपती मंडळाच्या अध्यक्षांकडे जातं, दुसरं खजिनदारांकडे, तिसरं-चौथं दुकानं करणाऱ्या तयारीच्या कार्यकर्त्यांकडे. आठ ते दहा कपाटात, लागलं तर असावं म्हणून. सातवं कोणाकडे जाणार हे मात्र कधीच आधी ठरत नाही. शेवटी ते मंडळातल्या सर्वांत नव्या पोराच्या हातात पडतं आणि त्याला सांगण्यात येतं, "हे घे. जुना वाडा, मागची चाळ आणि बोळातली उरलेली घरं. सुटे पैसे ठेव जवळ."

उरलेली घरं. म्हणजे जिथे पैसे कमी आणि जिने जास्त, तो मुलूख सातव्याचा.

चेहरा साधा आहे. वर मधोमध 'श्री गजानन प्रसन्न', खाली मंडळाचं नाव जाड ठशात, मग स्थापनेचं साल, नोंदणी क्रमांक, पत्ता. डाव्या कोपऱ्यात गणपती. हा गणपती छापखान्याच्या संग्रहातला. मंडळाच्या मूर्तीची सोंड डावीकडे वळते, याची उजवीकडे. पण खिळे जुळवून ट्रेडलवर छपाई व्हायची तेव्हापासून हाच चालत आलाय आणि ऑफसेट आल्यावरही कोणी बदला म्हटलं नाही. पुढे 'श्री./श्रीमती अमुक यांजकडून वर्गणी/देणगी रुपये अमुक, अक्षरी अमुक, साभार पोचले.' बारीक टायपात 'नको ते खोडावे' अशी सूचना असते आणि ती आजवर कोणीही पाळलेली नाही. तळाशी तीन सह्यांच्या जागा: अध्यक्ष, खजिनदार, वर्गणी घेणार. पहिल्या दोन रबरी शिक्क्याच्या. तिसरी खरी. नवं पोरगं ही सही पहिल्या दहा पावत्यांवर संपूर्ण नावानिशी, शाळेतल्या गोल अक्षरात करतं. पन्नासाव्या पावतीपर्यंत तिची एक वेलांटी आणि एक फरकाटा उरतो. पोराचा कार्यकर्ता व्हायला लागला की आधी सही बिघडते.

सगळ्यात बोलका रकाना मात्र 'हस्ते'चा. पावती आजोबांच्या नावाची, हस्ते नात. पावती मुंबईला गेलेल्या थोरल्याच्या नावाची, हस्ते धाकटा, आणि पैसे धाकट्याच्या खिशातले. गेलेल्या माणसाच्या नावानेही वर्गणी येते, वहिवाट मोडू नये म्हणून; तिथे हस्ते सून. घरातला कारभार कोणाकडून कोणाकडे गेला ते हा रकाना सासूच्या आधी मान्य करतो. त्यातून स्थळप्रत भरायची पोरांना मोठी घाई. पावतीवर सगळं नीट लिहायचं आणि स्थळप्रतीवर नुसतं 'कुलकर्णी ५१'. वाड्यात कुलकर्णी तीन. पुढच्या वर्षी "मागच्या वर्षी आम्ही किती दिली होती?" असं तिघांनीही विचारलं की सातवं पुस्तक गप्प.

पत्ता 'बुधवार पेठ, पुणे २' असा. आता चारशे अकरा शून्य शून्य दोन लिहायचं असतं, पण जुन्या पावतीवरून नवी जुळवली जाते आणि 'पुणे २' तसंच राहतं. या पेठेचं नाव काढलं की बाहेरगावचा माणूस एक विशिष्ट हसू आणतो. इथल्या मुलांनी ते हसू कॉलेजात, नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना, स्थळं बघताना झेललेलं आहे. औरंगजेबाच्या काळात मुहियाबाद म्हणून वसलेली आणि पेशवाईत बुधवार झालेली ही पेठ. दुसऱ्या बाजीरावाचा बुधवार वाडा इथेच होता. १३ मे १८७९ च्या आगीत तो गेला. सावित्रीबाई आणि जोतीरावांची १८४८ ची मुलींची शाळा भरली ती इथल्या भिडे वाड्यात. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी लेकीच्या स्मरणार्थ बांधलेला बाहुलीचा हौद इथला. तुळशीबाग, बेलबाग, जोगेश्वरी, पासोड्या विठोबा, दिव्यांच्या माळा आणि वायरींनी भरलेली तपकीर गल्ली, सगळं याच पत्त्यात. त्यातून लोकांना एकच गल्ली आठवते. सातवं पुस्तक मात्र हा पत्ता जाड टायपात छापून घरोघर फिरतं, आणि पेठेच्या लाजेपायी खालमानेने फिरण्याचा प्रकार त्याच्याकडे मुळीच नाही.

नात्यागोत्यात मोठी मंडळी आहेत. भाऊसाहेब लक्ष्मण जावळे, म्हणजे भाऊ रंगारी, यांचा १८९२ चा गणपती याच पेठेतला. दगडूशेठ हलवाईंचा १८९३ चा. मानाचा दुसरा तांबडी जोगेश्वरी आणि मानाचा चौथा, १९०१ चा तुळशीबाग, हेही शेजारीच. सार्वजनिक गणपती आधी कोणी बसवला यावर पुण्यात अजून आवाज चढतात. २०१७ मध्ये महापालिकेने सव्वाशे वर्षांचा सोहळा करायला घेतला तेव्हा चांगलेच चढले होते. सातव्याला त्यात रस नाही. त्याचं मंडळ गल्लीपुरतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत त्याचा नंबर लागेपर्यंत बघणारे घरी जाऊन झोपलेले असतात आणि रस्त्यावर फक्त झाडूवाले आणि दुसऱ्या तसल्याच मंडळांचे लोक उरतात. पण त्या लोकांची एकमेकांशी ओळख भारी असते, हे आपलं जाता जाता.

तर सातव्याची चाल. दिवेलागणीनंतर निघायचं, कारण दुपारी घरात कोणी नसतं आणि रात्री साडेनवानंतर दार वाजवलेलं कोणाला खपत नाही. लाकडी जिना, धरायला दोर, वरच्या पायरीवर चपलांचा ढीग. दार वाजलं की आतून, "कोण आहे?"

"वर्गणी!"

टीव्हीचा आवाज कमी होतो. साखळी तशीच ठेवून दार चार बोटं उघडतं.

"मागच्या वर्षी किती दिली होती?"

हे पोराला ठाऊक नसतं, काकूंना पक्कं ठाऊक असतं. "एक्कावन्न दिले होते."

"काकू, या वर्षी एकशे एक करा ना."

"का? गणपती वाढला का तुमचा?"

मग तो प्रश्न येतो, ज्याच्यासाठी सातवं पुस्तक एवढे जिने चढतं. "तू कोणाचा रे?"

पोरगं वडिलांचं नाव सांगतं. पुरत नाही. आजोबांचं सांगतं. "म्हणजे घड्याळवाल्यांचा नातू का?" हो म्हटल्यावर साखळी निघते, दार पूर्ण उघडतं, पाणी येतं, आणि त्या पोराला आपल्या आजोबांबद्दल घरात कोणी कधी न काढलेला विषय कळतो: आजोबा गल्लीच्या नाटकात स्त्रीपार्ट करायचे आणि एका वर्षी ऐन प्रवेशात पदराला उदबत्ती लागली होती. काकू तो प्रवेश हातवारे करून दाखवतात. आतून काका ओरडून दुरुस्ती करतात की उदबत्ती नव्हे, निरांजन. एक्कावन्न रुपये मिळतात ते मिळतातच. शिवाय काकू विचारतात की आरतीला ताम्हन कोण घासतं, कारण मागच्या वर्षी ते काळं पडलं होतं. चतुर्थीच्या दिवशी काकू स्वतः पितांबरी घेऊन हजर.

हिशेबाने पाहिलं तर सातवं पुस्तक आतबट्ट्याचं. थोरल्या सहांपैकी एकट्या तिसऱ्याने लक्ष्मी रोडवरच्या चार दुकानांत जे जमवावं ते याला शंभर पावत्या फाडूनही जमत नाही. पण आत्ताचे अध्यक्ष कधीकाळी सातवं पुस्तक घेऊन फिरलेले आहेत. खजिनदारही. मांडवाचं काम बघणारे, नैवेद्याचं बघणारे, पोलीस चौकीत परवान्यासाठी बसून राहणारे, सगळे या एकाच पुस्तकाच्या हाताखालून गेले. थोरल्या पुस्तकांनी पैसे आणले. माणसं याने आणली. वार्षिक अहवालात 'जमा' या सदराखाली त्यांची नोंद करायला जागा नसते, म्हणून त्याचं कौतुक राहून गेलं.

माणसं एकत्र येतात त्या प्रत्येक ठिकाणाला दार असतं. ते कोणी कोणाचं ठोठावायचं यावरून त्या जागेचा स्वभाव ओळखावा. इथून थोडं पूर्वेला, कॅम्पाच्या बाजूला, इंग्रजी अमदानीपासून फ्रीमेसन मंडळींच्या लॉज भरत आल्या. गवंड्याची गुण्या आणि कर्कटक ही त्यांची चिन्हं, अंगावर एप्रन, बैठकीचा सगळा विधी पाठ. मुंबईत १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी हिंदी गृहस्थांना आत घेता यावं म्हणून 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज काढली आणि माणेकजी कर्सेटजींसारखी मंडळी तिच्यात आली. १९६१ मध्ये ग्रँड लॉज ऑफ इंडिया झाली आणि देशातल्या बऱ्याच लॉज तिच्या छत्राखाली गेल्या. त्यांची जुनी रीत अशी की लॉज कोणाच्या दारी जात नाही. ज्याला यायचं त्याने स्वतः विचारावं. आतल्या दोघांनी त्याच्यासाठी शब्द टाकावा. मग पेटीत गुपचूप गोळ्या पडाव्यात, पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. एवढं झाल्यावर नव्याने दारावर थाप मारायची आणि आतल्यांनी विचारायचं, कोण आहे?

लोक आपणहून विचारत होते तोवर हे छान चाललं. अमेरिकेत १९५९ च्या सुमाराला चाळीस लाखांवर फ्रीमेसन होते. आज दहा लाखही नाहीत. तेव्हा तिथल्या मेसन लोकांनी मोटारींच्या मागे चिकटपट्ट्या लावल्या, मेसन व्हायचं असेल तर मेसनला विचारा अशा अर्थाच्या. म्हणजे दारी जायचं नाहीच, पण आमचं दार कुठे आहे एवढं तरी कळू द्यायचं. मला त्या चिकटपट्टीचा राग येत नाही. अडीचशे वर्षं ज्याने कोणाला बोलावलं नाही त्याला एकदम जिना चढून "वर्गणी!" म्हणून ओरडता येत नसतं.

सातवं पुस्तक नेमकं उलट्या चालीचं. इथे आत यायचंय ते मंडळाला, आणि 'कोण आहे' म्हणायचा हक्क काकूंचा. काळी गोळीही त्यांच्याच हातात: "हे घरी नाहीत, उद्या ये." उद्या गेलं की, "अरे, कालच यायचंस." तिसऱ्यांदा जाणारा पोरगा मंडळाचा होतो. दुसऱ्यांदाच परतलेला पुढे चांगला नोकरीधंदा करतो, पण मंडळात दिसत नाही.

ही चाल पुण्याने गणपतीत शोधून काढलेली नाही. २ एप्रिल १८७० ला पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा सभासद होणाऱ्याला निदान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. पंच्याण्णव सभासद, आणि त्यांच्यामागे सहा हजार माणसं. लॉजमध्ये आतल्या दोघांचा शब्द लागतो, इथे बाहेरच्या पन्नासांचा लागायचा. गणेश वासुदेव जोशांना लोक सार्वजनिक काका म्हणू लागले ते उगाच नव्हे. पुढे अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड काढला. माणशी वर्षाला एक पैसा. त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एक पैसा आणायला जाणाऱ्याची वहाण त्याहून जास्त झिजत असेल, हे काळ्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे.

सातव्याच्या गोतावळ्यात सगळेच सज्जन नाहीत, हेही सांगून टाकतो. चार-पाच दांडगे एकदम दुकानात शिरतात, पावतीवर आकडा आधीच लिहिलेला असतो, आणि मालकाने "जरा कमी करा" म्हटलं की त्यांच्यातला एक काउंटरवरची काच बोटांनी वाजवत बसतो. अशा पुस्तकांना स्थळप्रत असून नसल्यासारखी. त्यासाठी कायदाही आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, कलम ४१ क. नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी काढायची आणि मगच वर्गणी मागायची, नंतर हिशेब द्यायचा. आमच्या मंडळाचा नोंदणी क्रमांक सातव्याच्या कपाळावर छापलेला आहे, आणि एखादे निवृत्त साहेब चष्मा लावून तो पडताळून पाहतात तेव्हा सातव्याला बरं वाटतं असा माझा समज आहे.

मग वाडे पडायला लागले. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकडचे गेले, ते एका दिवसात. बाकीचे पन्नास वर्षं सावकाश गेले: आधी टेकू, मग महापालिकेची नोटीस, मग भाडेकरूंचा मालकाशी समझोता, मग पत्रे. माणसं कोथरूडला गेली, सिंहगड रस्त्याला गेली, धनकवडीला गेली. वाड्याच्या जागी सहा मजले उभे राहिले, खाली दुकानं, मध्ये गोदामं, वर राहणारे थोडे. सातवं पुस्तक तिथे गेलं तर वॉचमनने थांबवलं. "किससे मिलना है?" आता सातव्याला कोणा एकाला भेटायचंच नव्हतं, सगळ्यांना भेटायचं होतं, पण रजिस्टरात तसं लिहिता येत नाही. सोसायटीच्या चेअरमनांनी सगळ्यांच्या वतीने एक हजार एक दिले आणि एकच पावती फाटली. पैसे दुपटीने मिळाले. चोवीस दारं बंद राहिली ती राहिली.

२०२० मध्ये मिरवणुकाच निघाल्या नाहीत. मोठमोठ्या मंडळांनी मूर्ती जागच्या जागी विसर्जित केल्या, मांडवाला आतून-बाहेरून कुलूप, दर्शन मोबाइलवर. त्या वर्षी दहाही पुस्तकं छापखान्यातून आणलीच गेली नाहीत. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर क्यूआर कोड टाकला, आणि काय सांगावं, वर्गणी आली! कोथरूडहून आली, बाणेरहून आली, एक तर थेट ह्यूस्टनहून आली, त्याखाली हात जोडलेल्या बाहुल्या. खजिनदारांना बसल्या जागी हिशेब तयार मिळाला, तिन्ही कुलकर्णी वेगवेगळे. पुढच्या वर्षी तेच. नंतर कमानीवर बिल्डरचा फलक लागला, मांडवाच्या दोन्ही खांबांवर पेढीवाल्यांचे, आणि मंडळाची श्रीशिल्लक कधी नव्हती एवढी झाली. सातवं पुस्तक कपाटात आठ-नऊ-दहाच्या खाली गेलं.

आणि नेमकं तेव्हापासून आरतीला माणूस मिळेना.

पोरं कमी झाली म्हणावं तर तसंही नाही. ढोल-ताशा पथकांत नाव घालायला रांगा लागतात. नदीकाठी महिनाभर सराव, मुली निम्म्याच्या वर, हाताला चिकटपट्ट्या बांधून तासन् तास टोल देतात. त्यांची मेहनत मी पाहिली आहे, तिला नावं ठेवणार नाही. पण पथक मिरवणुकीपुरतं येतं आणि टेम्पोत ढोल घालून जातं. मधल्या दहा दिवसांत रात्रीच्या पहाऱ्याला कोण, सकाळी हार कोण आणणार, प्रसादाचा नारळ कोण फोडणार, ही कामं पथकाच्या यादीत नसतात. रॉबर्ट पुटनम नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने २००० साली आपल्या देशाबद्दल जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की नव्या संस्थांचे सभासद लाखांनी असतात, पण त्यांचं सभासदत्व म्हणजे वर्षाला एक चेक. एकमेकांना ते कधी भेटतच नाहीत. त्याने बुधवार पेठेतलं व्हॉट्सॲप पाहिलं असतं तर एक प्रकरण वाढलं असतं.

मंडळाच्या बैठकीत यावर पुष्कळ बोलणं झालं. टी-शर्ट काढू, असं एक मत. सेल्फी पॉइंट करू, दुसरं. सिनेमातलं कोणीतरी आणू. एका वडीलधाऱ्यांनी दगडूशेठचं उदाहरण दिलं, ते देणारच. बाहुलीच्या हौदाचा सार्वजनिक गणपती म्हणून पेठ ज्याला ओळखायची त्या उत्सवाची सूत्रं स्वातंत्र्यानंतर सुवर्णयुग तरुण मंडळाच्या पोरांनी हातात घेतली. तात्यासाहेब गोडसे आणि त्यांचे दोस्त. अमृतमहोत्सवाला, १९६८ मध्ये, नवी मूर्ती घडवली. पुढे त्याच गोतावळ्यातून सहकारी बँक निघाली. आज ऋषिपंचमीच्या पहाटे हजारो बायका रस्त्यावर बसून एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात, आणि त्यांतल्या कोणाला कोणी टी-शर्ट दिलेला नसतो. "त्या पोरांनी काय केलं सुरुवातीला?" असं कोणीतरी विचारलं. वडीलधारे म्हणाले, "करणार काय? दारोदार हिंडले." दगडूशेठचा गणपती होणं सगळ्यांच्या नशिबी नसतं हे त्यांनाही कळत होतं, पण हिंडणं कोणाच्याही आवाक्यातलं आहे.

तेव्हा कपाट उघडून सातवं पुस्तक बाहेर काढलं. आधीच्या एका वर्षातलं, निम्मं कोरं. कागद कडेला पिवळा पडलेला, पाठीवरची हिरवी पट्टी एका टोकाला सुटलेली. खजिनदारांनी जुन्या सालावर शिक्का मारून नवं साल घातलं. छापखान्याचा खर्च वाचला याचा त्यांना जो आनंद झाला तो पुनरुज्जीवनाच्या आनंदाहून थोडा जास्तच होता. पुस्तक कोणाला द्यायचं यावर नेहमीप्रमाणे एकमेकांकडे बघणं झालं. घड्याळवाल्यांच्या त्या नातवाची धाकटी बहीण कोपऱ्यात बसली होती. पथकात ताशा वाजवते. "मी जाते," म्हणाली. मंडळाच्या इतिहासात सातवं पुस्तक मुलीच्या हातात पहिल्यांदा गेलं, आणि एकानेही भाषण केलं नाही, हे विशेष.

तिने वॉचमनची अडचण अशी सोडवली. "किससे मिलना है?" म्हटल्यावर तिने रजिस्टरात 'चौथा मजला' असं लिहिलं आणि वरून खाली यायला सुरुवात केली. एका दारात मारवाडी आजीबाई, त्यांना ही गल्ली कोणत्या गणपतीची तेच माहीत नव्हतं. एका खोलीत स्पर्धापरीक्षेची मुलं, लातूर-नांदेडकडची. पुस्तकांमधून डोकं वर काढून त्यांनी वीस-वीस रुपये जमवले आणि रात्री जागायला माणूस लागतो का म्हणून विचारलं, नाहीतरी ते जागेच असतात. एका दारात उत्तरेकडचा कारागीर, तपकीर गल्लीत दिव्यांच्या माळा जोडणारा, त्याने पैसे दिले आणि पावती घेईना. "पावती घ्यावी लागते," ती म्हणाली. "नाव सांगा." प्रत्येक ठिकाणी "तुम कौन?" झालं, आणि तिच्या आजोबांचं नाव तिथे कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं. तेव्हा ती खिडकीतून बोट दाखवायची: तो पत्र्याचा कठडा दिसतो ना, ते आमचं घर.

चतुर्थीच्या आदल्या रात्री मांडवात हिशेबाला बसले. सहा पुस्तकं आणि मोबाइल यांची बेरीज लगेच झाली. सातव्याची रक्कम एवढी किरकोळ की अध्यक्षांनी ती ऐकून मान नुसती हलवली. खजिनदार मात्र स्थळप्रती चाळताना मध्येच थांबले. हिने स्थळप्रतीवर 'कुलकर्णी ५१' लिहिलंच नव्हतं. नाव, मजला, रक्कम, आणि खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरात: 'आजींना आरतीला खाली आणायला कोणीतरी जाणे.' 'चार मुलं, रात्री पहारा, चहा लागेल.' 'मोदकांना नारळ खवून देतील, आदल्या दिवशी सांगणे.' 'पेटी वाजवतात, पेटी नाही.'

"हे काय?" खजिनदार म्हणाले. "स्थळप्रतीवर हिशेबाशिवाय काही लिहायचं नसतं. ऑडिटला जातात ही."

"मग कुठे लिहू?" ती म्हणाली. "जागा तिथेच होती."

खजिनदार आणखी काही बोलणार तोच मांडवातले दिवे गेले. कमानीपासून मूर्तीच्या चौरंगापर्यंत सगळा अंधार. बाहेर गल्लीत उजेड होता, म्हणजे बिघाड आपलाच. मंडपवाल्याचा माणूस फोन उचलेना, तो त्या रात्री शहरभर अडकलेला. खजिनदारांनी मोबाइलच्या उजेडात सातवं पुस्तक पुन्हा उघडलं, चार-पाच पानं मागे गेले आणि विचारलं, "तो दिव्यांच्या माळा जोडणारा कितव्या मजल्यावर म्हणालीस?"

"तिसऱ्या. पण पावती नको म्हणत होता, मी जबरदस्तीने दिली. रागावला असेल."

"जा, बोलावून आण. आणि येताना त्या लातूरच्या पोरांनाही घेऊन ये, शिडी धरायला लागतील."